गाळणीपाशी ठरणारा निकाल

परतीच्या पावसात सिल्लोडकडचा मका भिजला की आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या पिशव्या वाढू लागतात, आणि पिशवी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण एचपीएलसी यंत्राकडे (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राकडे) बोट दाखवून "यात टाकला की विष आहे का ते कळतं ना?" असे विचारतो. कळते, पण यंत्रापर्यंत मका जातच नाही, जाते ते त्याचे गाळण.

ओल्या दाण्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. आपल्याकडे धान्यात त्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ६६ टन मक्यात एक ग्रॅम एवढी आहे. शिवाय हे विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते, ते मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते. म्हणून पोत्याच्या तोंडावरची मूठभर मका आणून दिली, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

दळलेला नमुना मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात हलवून आम्ही गाळणकागदातून गाळतो. घरी औषधाची पूड वस्त्रगाळ करतात, तेव्हा हवे ते कापडाखाली पडते. इथेही तसेच, कागदावर राहतो तो निरुपयोगी चोथा. हे गाळण पाण्याने पातळ करावे लागते, कारण तीव्र मिथेनॉल पुढच्या कॉलममधील, म्हणजे छोट्या नळीतील, अँटिबॉडीला (नेमके हेच विष धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला) सोसत नाही. पातळ करताच ते गढूळ होते, म्हणून काचतंतूंच्या कागदातून पुन्हा गाळायचे. त्यानंतरचा कॉलम ही खरे तर निवडक गाळणीच: बाकी सारे वाहून जाते, विष तेवढे अँटिबॉडीला धरून राहते आणि शेवटी शुद्ध मिथेनॉलने सोडवून घेता येते.

दुधासाठीही हाच कॉलम चालतो, मात्र आधी साय काढावी लागते. बुरशीचा चारा खाल्लेल्या गाईच्या शरीरात बी१ या अफ्लाटॉक्सिनच्या प्रकाराचे एम१ या दुसऱ्या प्रकारात रूपांतर होते आणि ते दुधात व मूत्रात उतरते. दुधातील मर्यादा किलोमागे फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

एकदा संध्याकाळच्या घाईत मी पिस्टन जोरात दाबून गाळण कॉलममधून भराभर उतरवले. मुद्दाम ठरावीक विष मिसळलेल्या पडताळणीच्या नमुन्यात निम्मेच सापडले, कारण उरलेल्याला अँटिबॉडीला धरायला वेळच मिळाला नव्हता. त्या दिवसाचे सगळे नमुने दुसऱ्या दिवशी पुन्हा दळावे लागले आणि या वेळी कॉलमखाली सेकंदाला साधारण एक थेंब पडतो आहे ना, हे मी घड्याळ लावून पाहत बसलो.