चुकांच्या वहीतला उजवा रकाना

आमच्या चित्रपट मंडळात 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' दाखवायचं ठरलं आणि प्रास्ताविकाचं काम माझ्याकडे आलं. पीटर सेलर्सच्या तीन भूमिकांबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी चुका शोधायचं ठरवलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे डोळ्यांना दिसणाऱ्या, कंटिन्युइटीच्या म्हणजे दृश्यांचा मेळ न बसण्याच्या चुका, उजवीकडे माहितीच्या.

गोष्ट अशी, की एक माथेफिरू अमेरिकी जनरल राष्ट्राध्यक्षांना न विचारता बी-52 विमानांना रशियावर अणुहल्ल्याचा हुकूम देतो आणि ती विमानं परत कशी फिरवायची यावरून वॉर रूममध्ये गोंधळ उडतो.

पहिल्यांदा बघताना एकही नोंद झाली नाही, हसण्यातच सगळा वेळ गेला. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बसलो आणि मग डोळे कामाला लागले. बर्फाळ प्रदेशावरून बी-52 जातं, पण खाली बर्फावर पडलेली सावली दुसऱ्याच विमानाची आहे. पंख्यांची चार इंजिनं असलेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या बी-17 ची. अमेरिकी हवाई दलाने मदत नाकारली होती आणि चित्रीकरण इंग्लंडमधल्या स्टुडिओत झालं. त्यामुळे बी-52 हे छोटं मॉडेल आहे आणि खालचा बर्फ बी-17 मधून टिपलेला आहे. सावली तेवढी राहून गेली.

शेवटी अध्यक्षांचा शास्त्रज्ञ सल्लागार असलेल्या स्ट्रेंजलव्हचा हात त्याच्या ताब्यात राहत नाही, त्या प्रसंगात मागे उभ्या रशियन राजदूताकडे बघा. ती भूमिका करणारा पीटर बुल हसू दाबायचा आटोकाट प्रयत्न करतोय. ही नोंद मी मोठ्या प्रेमाने केली.

बी-52 चा वैमानिक मेजर काँग याच्या ओठांपाशी मात्र बराच वेळ थांबलो. विमानात तो आणीबाणीच्या पेटीतल्या वस्तू वाचून दाखवतो: पिस्तूल, रुबल, सोनं, च्युइंगगम, लिपस्टिक, नायलॉनचे मोजे. एवढ्या सामानात व्हेगासला एखाद्याचा शनिवार-रविवार मजेत जाईल, असं तो म्हणतो. 'व्हेगास' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकायला हवा, तो टेकत नाही. मूळ शब्द 'डॅलस' होता. चित्रपटाचा चाचणी खेळ ठरला होता 22 नोव्हेंबर 1963 ला आणि त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. खेळ रद्द झाला, प्रदर्शन जानेवारी 1964 वर गेलं आणि तो एक शब्द नव्याने ध्वनिमुद्रित करून बसवला. वहीत ही चूक म्हणून लिहिली खरी, पण लिहिताना हात जड झाला होता.

उजवा रकाना सोपा जाईल असं वाटलं होतं. पहिली नोंद: अमेरिकी अध्यक्ष रशियन पंतप्रधानांशी फोनवर बोलतात. प्रत्यक्षात ऑगस्ट 1963 मध्ये सुरू झालेली हॉटलाइन, म्हणजे दोन्ही देशांच्या नेत्यांमधली थेट संपर्काची सोय, टेलिप्रिंटरची होती, तिच्यावर बोलणं नव्हतंच. पण प्रसंग पुन्हा बघितला तर तिथे साधाच फोन आहे. पंतप्रधान कार्यालयात सापडायचे नाहीत म्हणून राजदूतच त्यांचा नंबर देतो. नोंद खोडली.

दुसरी नोंद मोठी होती: अध्यक्षांच्या हुकुमाशिवाय जनरल अण्वस्त्रं वापरूच कसा शकेल? चित्रपटात त्याचं उत्तर 'प्लॅन आर' असं आहे. वॉशिंग्टन नष्ट झालं तर खालच्या अधिकाऱ्याला प्रतिहल्ला करता यावा, म्हणून अध्यक्षांनीच तो मंजूर केलेला असतो. मला हे पटकथाकारांचं कल्पित वाटत होतं. वाचायला बसलो तेव्हा कळलं की आयझेनहॉवर यांनी 1950 च्या दशकातच काही वरिष्ठ सेनापतींना असे अधिकार आगाऊ देऊन ठेवले होते, आणि नंतरच्या अध्यक्षांनी ते चालू ठेवले. कागदपत्रं कित्येक दशकांनी खुली झाली. चित्रपटातला तो माथेफिरू जनरल रिपर हुद्द्याने त्या सेनापतींच्या खाली आहे, पण तत्त्व तेच. अण्वस्त्रांच्या नियोजनात काम केलेल्या डॅनियल एल्सबर्ग यांनी 1964 मध्ये हा चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांना तो माहितीपटच वाटला होता. हीही नोंद खोडली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तिसरी नोंद, रशियाचं प्रलययंत्र, म्हणजे अणुहल्ला होताच आपोआप चालू होऊन सगळ्या जगाचा विनाश करणारं यंत्र. तीही अर्धीच टिकली. 1980 च्या दशकात सोव्हिएत संघाने 'पेरिमीटर' नावाची यंत्रणा खरोखर उभारली. ती पूर्ण स्वयंचलित नव्हती, शेवटचा निर्णय तळघरातल्या माणसांकडे ठेवला होता. पण नेतृत्व नष्ट झालं तरी प्रतिहल्ला व्हावा, हा हेतू चित्रपटातल्यासारखाच. शिवाय चित्रपट त्याच्या वीस वर्षं आधीचा, म्हणून तिसरी नोंदही खोडली.

उजवा रकाना आता कोरा होता. तिसऱ्यांदा चित्रपट लावला आणि पहिल्याच पाटीवर थांबलो. असे प्रसंग घडू नयेत यासाठी आमच्याकडे पुरेशी सुरक्षाव्यवस्था आहे, अशी हवाई दलाची भूमिका त्या पाटीवर लिहिली आहे. आजवर मी ती न वाचताच पुढे जात होतो. उजव्या रकान्यात मी तेवढी एकच नोंद केली आणि प्रास्ताविकाची सुरुवात त्या पाटीपासून केली.