लिस्बन ते माद्रिद : सव्वा तासाचं विमान आणि आईचं घड्याळ

तिकिटावर सुटण्याची वेळ ११:३०, पोहोचण्याची १३:५०. आईने लगेच हिशेब केला, "दोन तास वीस मिनिटं? नकाशात तर हाताएवढं अंतर दिसतंय!" अंतर खरंच जेमतेम ५०० किलोमीटर. विमान हवेत असतं साधारण सव्वा तास. उरलेला तास स्पेनच्या घड्याळाचा, ते पोर्तुगालच्या एक तास पुढे असतं.

पण सव्वा तासावर जाऊ नका. आम्ही लिस्बनच्या हॉटेलातून नऊला निघालो आणि माद्रिदच्या हॉटेलात बॅगा टाकल्या तेव्हा तिथे तीन वाजले होते. म्हणजे प्रवास पाच तासांचा, दिवस गेला सहा तासांचा. त्या दुपारी संग्रहालयाचं तिकीट काढू नका.

लिस्बनचा विमानतळ जवळजवळ शहरातच आहे, मेट्रोची लाल लाइन थेट तिथे जाते. स्वस्तातलं तिकीट असेल तर टर्मिनल २ आहे का ते बघा. मेट्रो टर्मिनल १ ला सोडते, पुढे फुकटची बस. खाऊन घ्यायचं तेही शहरातच. शाकाहारी मंडळींनो, तिथल्या प्रसिद्ध 'पास्टेल द नाता'त, म्हणजे छोट्या कस्टर्ड टार्टमध्ये, अंडं असतं.

माद्रिद विमानतळाचं टर्मिनल ४, म्हणजे टी-४, अवाढव्य आहे. तिथून शहरातल्या अतोचा स्टेशनला लोकल जाते, ती बरी पडते. पिवळी २०३ नंबरची बसही आहे, रात्रीसुद्धा चालते. दोन्ही देश शेंगेन या एकाच व्हिसाच्या गटात असल्याने इमिग्रेशनची रांग नाही, पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा.

रेल्वेने जावं असं मलाही वाटत होतं. पण थेट गाडी नाही. लुसितानिया ही रात्रीची गाडी २०२० मध्ये बंद झाली. बसने रस्ता सव्वासहाशे किलोमीटरचा, आठ-नऊ तास सहज जातात. गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन? नाही.

परतीचं विमान सकाळी नऊचं. "सहाला खाली ये," असं आईला बजावलं होतं. आई आली सातला, आंघोळ-पूजा उरकून, निवांत. तिच्या मनगटावरच्या एचएमटीत सहाच वाजले होते! ते लिस्बनच्याच वेळेवर होतं, तासभर पुढे करायला मीच सांगितलं नव्हतं. लोकलचा बेत सोडून टॅक्सी पकडली. एम-३० रिंगरोडच्या आतून विमानतळापर्यंत ठरावीक भाडं असतं, त्यामुळे घासाघीस नाही. बसायच्या आधी टर्मिनल नीट वाचा, टी-४ बाकीच्यांपासून बरंच लांब आहे. आम्ही गेटवर पोहोचलो तेव्हा शेवटची चार माणसं आत जात होती.

लिस्बनला परतताना डावीकडची खिडकी मागा. विमान बऱ्याचदा तेजो नदी ओलांडून शहराच्या छपरांवरून उतरतं आणि डाव्या हाताला २५ एप्रिलचा लाल पूल दिसतो.

उतरलो तेव्हा लिस्बनमध्ये ९:२० झाले होते. आईने मनगट माझ्यापुढे धरलं. एचएमटीतही नऊ वीसच.

"बघ, माझं बरोबरच होतं."