अंगठ्याला कळलेला टेपर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी पॅटर्न शॉप सांभाळतो. २१ वर्षं झाली. वाळूत ज्याचा ठसा घेऊन लोखंड ओततात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून आमची पट्टीही वेगळी, तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर मुळातच जरा मोठा. नवीन पोराच्या हातात मी आधी ती पट्टी देतो.

त्या मंगळवारी पंपाच्या केसिंगचे ६० पैकी १७ नग रिजेक्ट झाले. प्रत्येकात एकाच कोपऱ्यात वाळू शिरलेली. वाळूचा ओलावा तपासला, वाळू धरून ठेवणारं बेंटोनाइट वाढवलं, तरी तेच. मोल्डिंगचा मेस्त्री सारखा मान हलवायचा, "बरोबर इल्ला."

आमच्याकडे येळ्ळूरचा एक पोरगा अप्रेंटिस होता. आयटीआय झालेला, मोजकं बोलणारा. त्यानं पॅटर्न टेबलावर घेतला, डोळे मिटले आणि अंगठा कडेवरून खालून वर फिरवला. परत एकदा फिरवला. "मेस्त्री, हितं टेपर उलटा आलाय."

मी गुण्या लावून बघितला. खरंच होतं. पॅटर्न वाळूतून अलगद सुटावा म्हणून उभ्या बाजूंना अंश-दीड अंश उतार ठेवतात, तोच टेपर. एका कानापाशी तो उलटा झाला होता. उचलताना वाळूची कड फाटायची आणि तो चुरा लोखंडात जायचा. पंधरा दिवसांपूर्वी तो कान झिजला म्हणून लांबी (पुट्टी) भरली होती, ती मीच. फार लागलं मनाला. आणि त्याहून जास्त त्या पोराचं कौतुक वाटलं.

"तुला कसं कळलं रे?"

"गणपतीच्या काखेत असं झालं की साच्यातनं काढताना हात तुटतोय. चौथीपास्नं करायलोय की."

संध्याकाळी तो परत आला. हातात पर्मनंटचं पत्र. पीएफ, ईएसआय, सगळं त्यात. शनिवारपर्यंत सही करायची. "मेस्त्री, सही करू नये वाटायलंय." गावात शेड घेऊन त्याला शाडूच्या मूर्ती करायच्या होत्या. घरची बासमतीची शेती. पावसावर जगून थकलेल्या वडिलांना घरात एक तरी महिन्याचा पगार हवा होता, आणि त्यांचं काय चुकीचं होतं?

'आधी दोन वर्षं नोकरी कर', हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते वाक्य माझ्या आण्णांचं. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली रवी परांजपे घडले ते याच बेळगावात, आणि मलाही चित्रकारच व्हायचं होतं. आण्णा म्हणाले, दोन वर्षं नोकरी कर, मग काढ की चित्रं. याच पगारावर बहिणीचं लग्न झालं, मुलगी इंजिनिअरिंगला गेली. ब्रश मात्र ट्रंकेतून परत बाहेर आले नाहीत. दोन्ही गोष्टी मी त्याला जशाच्या तशा सांगितल्या.

मग पाकिटाच्या पाठीवर त्याला हिशेब मांडायला लावला. किती मूर्ती, शाडूची पोती किती, रंग, शेडचं भाडं. चतुर्थीनंतरच्या महिन्यांपाशी त्याची पेन्सिल थांबली.

"लहान फौंड्र्या पॅटर्न बाहेरून करून घेतात," मी म्हणालो. "तुझ्या अंगठ्याला काम मिळंल. पण दर महिन्याला मिळंलच असं मी सांगू शकत नाही." त्यानं तेही लिहून घेतलं.

शुक्रवारी येळ्ळूरला त्याच्या घरी गेलो. सोप्यात ओळीनं मूर्ती, बिनरंगाच्या. वडील मुकाट्यानं चहा घेऊन बसले होते. मी शाडूचा गोळा हातात घेतला. बोटांना इतकं बरं वाटलं की बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"वाळताना हा किती आकसतो?"

"मोजलं नाही कधी."

मग आम्ही मातीची लांबट पट्टी थापली, साध्या फूटपट्टीनं तिच्यावर १०० मिलिमीटरवर दोन खुणा केल्या आणि सावलीला फळीवर ठेवली. पत्र त्याच फळीवर होतं, सही न केलेलं.

वडील उठून जवळ आले, वाकून खुणा बघितल्या. "वाळली की मलाबी दाखव," ते पोराला म्हणाले.