पानात भात नव्हता

रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच पायऱ्यांवर कढया-तवे मांडणारा इंदूरचा सराफा ज्याने लहानपणापासून पाहिलाय, त्याला रस्त्यावरच्या खाण्याचं काय कौतुक? असं मी लेकाला ऐकवतच १६ जुलैच्या संध्याकाळी जपानच्या क्योतोत उतरले.

गिओन मात्सुरी, म्हणजे इथल्या यासाका देवळाचा रथांचा उत्सव. त्याची पहिली मोठी मिरवणूक १७ला. पण आधीच्या तीन संध्याकाळी गाव रस्त्यावरच असतं. १५ आणि १६ला सहानंतर शिजो रस्त्यावर गाड्या बंद. मधोमध उंच रथ, त्यांच्यापुढे कंदिलांची उतरंड, वर बसलेली पोरं घंटा बडवताहेत: कोन-चिकी-चिन. रथाचा सांगाडा खिळ्यांनी ठोकत नाहीत, पेंढ्याच्या दोरांनी बांधतात. गाठी इतक्या देखण्या की मी बोट फिरवायला वाकले. लेकानं हात धरला.

एका मंडळाच्या घरात रथाचे पडदे-गालिचे मांडलेले. ह्या रथांच्या गालिच्यांत काही चक्क दख्खनचे आहेत, सतराव्या-अठराव्या शतकातले, डच व्यापाऱ्यांनी नेलेले. आमच्याकडे दरवर्षी ऊन दाखवूनही सतरंजीला कसर लागते! आणि गिओन म्हणजे मुळात जेतवन, बुद्धाच्या श्रावस्तीचं. हे लेकानं सांगितल्यावर मला जरा माहेरी आल्यासारखं वाटलं.

भूक मात्र परक्या गावची. जिकडेतिकडे कोंबडी नाहीतर मासळी. शेवटी काडीला खोचलेली गारेगार काकडी मिळाली. अर्धी खाल्ल्यावर चिरंजीव म्हणतात, "आई, रथवाले जुलैभर काकडी खात नाहीत. चकती देवळाच्या चिन्हासारखी दिसते ना." आधी सांगायला काय झालं होतं?

मग एका रथापाशी बांबूच्या पानांत बांधलेल्या निमुळत्या पुड्या दिसल्या. चिमाकी. भात असणार! यासाका देवळाचा हा उत्सव ८६९ साली रोगराई हटावी म्हणून सुरू झाला, तेव्हा प्रसाद तर हवाच. पैसे देऊन मी बाजूला होऊन दोरा सोडायला लागले, तर शेजारच्या आजीबाई "आ, आ" करत धावल्या. आत नुसता पेंढा. दाराला लावायचा, घरात रोग शिरू नये म्हणून.

आता ती चिमाकी इंदूरला आमच्या चौकटीवर आहे, लिंबू-मिरचीच्या शेजारी, दोरा जरा सैल. वर्षानं जुनी परत करून नवी घ्यायची असते म्हणे. तिकिटाचा विषय लेकानं काढलेला नाही, मीच काढतेय.