सारखी सर्दी म्हणून झिंक चालू करू का?

लहान मूल सारखं सर्दी-खोकल्याने आजारी पडलं की कोणीतरी सांगतंच, झिंकचं सिरप द्या. आता झिंकचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध खरा आहे, टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार व्हायला झिंक लागतं आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर धड राहायलाही, आणि गंमत म्हणजे लोहासारखा त्याचा मोठा साठा शरीर करून ठेवत नाही त्यामुळे रोजच्या खाण्यातूनच यावं लागतं. धान्य-डाळीत असतं पण त्यांच्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते शोषू देत नाही, भिजवून आंबवलं की फायटेट कमी होतं. मांसातलं सहज शोषलं जातं.

जिथे कमतरता जास्त, तिथे मुलांना नियमित झिंक दिल्यावर न्यूमोनिया काहीसा कमी झालेला अभ्यासांत दिसलाय. पण न्यूमोनिया झाल्यावर उपचार म्हणून दिलं तर फायदा होतो असं ठामपणे दिसत नाही, हा फरक कोणी सांगतच नाही!! जुलाबाचं वेगळं, तिथे डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने २००४ पासूनच ओआरएससोबत १०-१४ दिवस झिंक द्यायला सांगितलंय.

आणि रक्त तपासून बघू म्हणाल तर इन्फेक्शन चालू असताना रक्तातलं झिंक तसंही खाली जातं, म्हणजे रिपोर्टवर कमी दिसलं की कमतरताच असं नाही.

मनाने महिनोन्महिने सिरप पाजणं मला तरी पटत नाही, जास्त झिंकने तांबं कमी पडतं. मूल भराभर श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय असं दिसलं तर सिरप राहू दे, आधी डॉक्टर गाठा.