तापी उलटी का वाहते?

शिरपूर-अमळनेरकडे भूगर्भावर बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, गोदावरी, कृष्णा उगवतीकडे जातस, मंग आपली तापीच उलटी काबर वाहस?" तिथे घाईत दोन वाक्यांत उत्तर देतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर.

गोदावरी-कृष्णेने सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आपापली खोरी कोरली. तापीला तिची वाट बरीचशी आयती मिळाली. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन खचली, पश्चिमेला सुरतेकडे ती मोकळी होती, आणि मध्य प्रदेशातल्या मुलताईहून निघालेलं पाणी त्या खोलगटात उतरलं.

पण जमीन नेमकी इथेच का खचली? त्यासाठी फार मागे जावं लागतं. पृथ्वीच्या पोटातून वर आलेला काळा, जड बसाल्ट खोल जाऊन पुन्हा अर्धवट वितळला की त्यातून ग्रॅनाइटसारखा हलका खडक वेगळा होतो. हलका असल्याने तो सहजी परत बुडत नाही, म्हणून खंडांचे गाभे एवढे जुने. बुंदेलखंडात ३३० कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडतात. उत्तरेचा हा गाभा आणि दक्षिणेकडचे गाभे सुमारे १८० ते १०० कोटी वर्षांपूर्वी, टप्प्याटप्प्याने, एकमेकांना भिडून सांधले गेले. तो सांधा म्हणजे आजचा नर्मदा-तापी-सातपुड्याचा पट्टा. आणि गोधडी जुनी झाली की शिवणीतच उसवते.

ती एकदाच उसवली नाही. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास हा भाग ताणला गेला, खोलगट तयार झाले, त्यांत गाळ आणि जंगलं गाडली गेली. बैतूलजवळच्या पाथाखेड्याचा कोळसा त्यातलाच. पुढे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला. शंकूसारखा एखादा डोंगर फुटला असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण इथला लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून वर आला. धुळे-नंदुरबारकडे माळावर काळ्या दगडाच्या सरळ भिंती दिसतात ना? त्या भेगांत थिजून राहिलेला तो लाव्हा. बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम आहेत, म्हणजे जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. (किल्ल्याची तटबंदी समजून त्यांचे फोटो काढणारे मी पाहिलेत.)

सातपुडा वर आणि खोरं खाली, हे आजचं रूप मुख्यतः लाव्हा थिजल्यानंतरचं. खोरं दोन्ही बाजूंनी सारखं खचलेलं नाही. उत्तरेला, सातपुड्याच्या प्रस्तरभंगाशी (जमीन तुटून सरकली त्या रेषेशी), ते जास्त खोल आहे. नकाशा काढून बघा. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या दक्षिणेच्या उपनद्या लांबलचक. उत्तरेच्या सुकी, मोर मात्र आखूड. तापी सातपुड्याच्या बाजूनेच चालते.

हे सगळं कधीच संपलं असं समजू नका. २२ मे १९९७ला जबलपूरला ५.८ रिश्टरचा भूकंप झाला, तो याच पट्ट्यात. तसं रोज घाबरण्याचं कारण नाही. ताण फार हळू साठतो.

यानंतरचा प्रश्न हमखास पाण्याचा, आणि त्याचं उत्तरही याच खचण्यात आहे. दक्षिणेला पारोळा-चाळीसगावकडे विहीर खणली की थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो. उत्तरेच्या खोल बाजूला, रावेर-यावलला, गाळ काही ठिकाणी ३०० मीटरहून जास्त जाड आहे. तिथे शेकडो फूट बोअर मारूनही पाषाण न लागणं नवलाचं नाही. केळीला पाणी पुरलं ते या गाळातून. त्यातलं पाणी पुन्हा भरतं ते मुख्यतः सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यातून, कारण डोंगरावरून आलेलं पाणी तिथे झपाट्याने मुरतं. म्हणून केळीच्या शेतात शोषखड्डा कुठे घेऊ असं कुणी विचारलं, की मी आधी पायथ्याच्या नाल्यांकडे बोट दाखवतो. पाणी तिथे अडवलं तर खालच्या विहिरींना लागू पडतं. शेतातल्या चिकण काळ्या मातीत मात्र ते साचून राहतं आणि उन्हाने उडून जातं.