तीन सुती बोल्ट आणि सूर्यफुलाचं खोड

1665 साली रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं, एवढं नववीत आम्हा सगळ्यांना पाठ होतं. काप किती पातळ हवा, हे मात्र पुस्तकात कुठं नव्हतं. ते प्रयोगशाळेत समजायचं. गाजराच्या तुकड्याला चीर द्यायची, त्यात सूर्यफुलाचं कोवळं खोड धरायचं आणि दाढीच्या पात्यानं कापायचं. काप एका कडेला बरा यायचा, दुसऱ्या कडेला जाड. जाड भागात पेशींचे थर एकावर एक, त्यामुळं भिंगाखाली नुसता काळपट गोळा. विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, “हात बसला की जमतं.” हात बसायला वेळ लागतो, आणि आमच्या वर्गाला सूक्ष्मदर्शक एकच.

मग एक दिवस बाईंनीच फळ्यावर नट-बोल्ट काढला. नटात खालून अर्ध्यापर्यंत बोल्ट घालायचा, वर उरलेल्या पोकळीत खोड उभं धरून वितळलेलं मेण ओतायचं. मेण थिजलं की बोल्ट किंचित फिरवायचा, मेण तेवढंच वर येतं, ते नटाच्या तोंडाशी घासून कापायचं. झाला मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप घ्यायचं यंत्र!

आमचे काका उद्यमनगरात लेथवर होते. कोल्हापूरच्या पोराला एवढं भांडवल पुरतं. त्यांनी नटाच्या डोक्यावर रुंद वॉशर ब्रेझिंगनं बसवून लेथवर फेसिंग करून दिलं, कारण पातं सरकायला सपाट जागा लागते आणि नुसत्या नटाचं तोंड फारच अरुंद. बोल्ट तीन सुती, म्हणजे 3/8 इंची, इंचाला 16 आटे. एका फेऱ्याला साधारण 1.6 मिलिमीटर. बोल्टाच्या माथ्याला पुठ्ठ्याची चकती चिकटवून तिच्यावर कोनमापकानं दर 9 अंशांवर खूण केली. 9 अंश म्हणजे फेऱ्याचा चाळिसावा भाग, म्हणजे 40 मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सूर्यफुलाच्या भेंडातल्या, म्हणजे खोडाच्या मधल्या मऊ भागातल्या, बऱ्याच पेशी याहून मोठ्या असतात, त्यामुळं थर एकावर एक येत नाहीत. कंपासपेटीतल्या त्या कोनमापकाचा भूमितीच्या तासाबाहेर उपयोग झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

खरा त्रास आट्यांनी दिलाच नाही, दिला तो मेणानं आणि पात्यानं. ओल्या खोडाला मेण धरत नाही. काप घेताना खोड सुटून गोल फिरतं. टिपकागदानं खोड कोरडं करून, मेण जरा निवू देऊन ओतलं तर पकड येते. मेण फार गरम असलं तर कोवळं खोड शिजतंच. आणि दाढीचं पातं लवतं. ते मेणावर चढतं, पुढं खाली बसतं, आणि आपण मारे 9 अंश फिरवलेले! त्यावर इलाज वस्तऱ्याचा. ताठ, जाड पाठीचा वस्तरा पाण्यात भिजवून, वॉशरवर टेकवून तिरका ओढायचा. काप पात्यावरच्या पाण्यात तरंगतो, तो ब्रशनं उचलून वॉचग्लासमध्ये सोडायचा. वस्तरा बाईंच्या कपाटात कुलपात असे, हे बरंच होतं. बोल्ट उलटा फिरवायचा नाही, हा काकांचा दम. “आट्यात प्ले असतोय रं, जरा ढिलं असतंय, माप चुकतंय!”

सॅफ्रानिन हा लाल रंग लावलेला पहिला चांगला काप पाहिला तेव्हा जलवाहिन्या लालभडक आणि त्यांचे गठ्ठे खोडात गोलाकार मांडलेले, अगदी पुस्तकातल्या आकृतीत असतात तसे. मक्याच्या खोडात तेच गठ्ठे इकडंतिकडं विखुरलेले, आणि एकेक गठ्ठा माकडाच्या तोंडासारखा. आमच्या वर्गानं त्या तोंडांना शिक्षकांची नावं दिली होती. ती इथं छापण्यासारखी नाहीत.

आता मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो. तिथल्या मायक्रोटोमवर पॅराफिनच्या ठोकळ्यातून 4-5 मायक्रॉनचे काप निघतात. चाक फिरवलं की ठोकळा ठरल्या मापानं पुढं सरकतो.

शाळेत हा प्रयोग पुन्हा करायचा झाला तर बोल्टाऐवजी सायकलच्या मागच्या चाकाचा आस वापरून बघा. त्याला इंचाला 26 आटे असतात, म्हणजे त्याच 9 अंशांत जेमतेम 25 मायक्रॉन. नट मात्र त्याच आट्यांचा घ्यायचा, आणि वस्तरा बाईंच्या कपाटातच ठेवायचा.